सीमेवरचे पाणी आणि सामान्य नागरिक

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून पाण्याविषयी बोलायचे म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. येथे परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, मुलींचे पुढील शिक्षण आणि नोकऱ्या या विषयांची आपणा सर्वांना सवय आहे. तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण तो शेवटी शिक्षणापाशीच येऊन पोचतो. प्रश्न असा आहे की एखादी नदी किंवा सरोवर दोन राज्यांच्या अथवा दोन राष्ट्रांच्या सीमेवर असेल, तर त्याची निगा कोणी राखायची? केवळ सरकारांनी, की काठावर राहणाऱ्या माणसांनीही? आणि माणसांनीही राखायची तर ती कोणत्या मार्गाने?

आपण मंडळी कृष्णेच्या खोऱ्यात राहतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, सातारा-सांगलीकडून खाली येते, नृसिंहवाडीला पंचगंगा तिला मिळते आणि तेथून थोड्याच अंतरावर ती कर्नाटकात शिरते. पुढे तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. नकाशावर काढलेली रेघ पाण्याला दिसत नाही. पंचगंगेत जे सोडले जाते ते वाडीच्या संगमावर थांबत नाही. ते पुढे चिकोडी, रायबाग, अथणी, जमखंडी या भागांकडे जाते. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या सोयरिकी याच भागात आहेत. आपण मुलगी ज्या घरी दिली त्या घरच्या पाण्यात आपल्याच गावचे सांडपाणी मिसळलेले असते, ही गोष्ट आपण सहसा मनात आणत नाही.

कृष्णेकडे मी शेवटी परत येणार आहे. त्याआधी आपल्याला फार दूर, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर नेतो. तेथे हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे हाताळला जात आहे. काय साधले आणि काय फसले, हे दोन्ही तेथे कागदोपत्री पाहता येते.

१९०९ चा करार

उत्तर अमेरिकेत सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, एरी आणि ऑन्टारिओ अशी पाच महासरोवरे आहेत. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. मिशिगन सरोवर संपूर्णपणे अमेरिकेत आहे; बाकीच्या चारांतून दोन देशांची सीमारेषा जाते. त्यांच्या खोऱ्यात आज तीन कोटींहून अधिक माणसे राहतात. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोरांटो ही शहरे याच पाण्याच्या काठी वाढली. प्यायचे पाणी सरोवरातून घ्यायचे आणि मैलाही सरोवरातच सोडायचा, असा तेथला जुना रिवाज होता.

११ जानेवारी १९०९ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात सीमेवरील पाण्यासंबंधी करार झाला. कॅनडाचे परराष्ट्र व्यवहार तेव्हा ब्रिटन पाहत असे, म्हणून कॅनडाच्या वतीने ब्रिटनने सही केली. या करारातील चार गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, पाण्याच्या वापराचा क्रम ठरला. आधी पिण्याचे व घरगुती पाणी, नंतर जलवाहतूक आणि त्यानंतर वीज व शेतीचे पाणी. दुसरी, एका बाजूने पाणी असे दूषित करू नये की दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्यास किंवा मालमत्तेस इजा पोचेल, हे कलम १९०९ साली लिहिले गेले. तिसरी, एक संयुक्त आयोग नेमला गेला. त्यात सहा सभासद, प्रत्येक देशाचे तीन. प्रत्येक सभासदाने आपले काम निःपक्षपातीपणे करीन अशी गंभीर प्रतिज्ञा करायची. म्हणजे बसायचे ते आपल्या देशाचा वकील म्हणून नव्हे, तर दोघांचा पंच म्हणून.

चौथी गोष्ट आजच्या विषयाचा गाभा आहे. आयोगापुढे जो विषय येईल त्यात ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्या सर्वांना आपले म्हणणे मांडण्याची सोयीची संधी दिली पाहिजे, असे करारात नमूद केले गेले. ही तरतूद कागदावर एका वाक्यापुरती आहे. परंतु तिच्यामुळे कोळी, शेतकरी, नगरपालिका, कारखानदार, घरातली बाई, शाळेचा मास्तर, कोणीही आयोगाच्या जाहीर सुनावणीत उभे राहू शकतो. नदीच्या पलीकडच्या काठावरचा माणूस परदेशी असला तरी त्याचेही ऐकून घ्यावे लागते.

यातील एक उणीव मात्र लपवून चालणार नाही. ज्या आदिवासी जमाती या पाण्याच्या काठी सर्वांच्या आधीपासून राहत होत्या, त्यांना या करारात जागा नव्हती. ती चूक सुधारण्यास पुढे फार काळ लागला.

अहवाल झाला, पुढे काय?

१९१२ साली दोन्ही सरकारांनी आयोगाला विचारले की सीमेवरचे पाणी किती दूषित झाले आहे आणि उपाय काय? त्या काळी सरोवरांच्या व नायगारा नदीच्या काठच्या शहरांत विषमज्वराने, म्हणजे टायफॉईडने, माणसे मरत होती. आयोगाने पाण्याचे हजारो नमुने तपासले आणि १९१८ साली अहवाल दिला. कित्येक ठिकाणचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिण्यास धोकादायक आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. उपायही सुचवले होते.

यानंतर किती वर्षांनी दोन देशांत पाण्याच्या शुद्धतेचा करार झाला असेल? १९७२ साली, म्हणजे चौपन्न वर्षांनी!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मधल्या काळात पाणी गाळण्याची आणि त्यात क्लोरीन घालण्याची पद्धत आली. शहरांचे नळ सुरक्षित झाले, विषमज्वर ओसरला आणि निकड संपली. स्वतःच्या घरात येणारे पाणी चांगले झाले, तेव्हा बाहेर जाणारे पाणी कसे आहे हे कोणी विचारेना. कराराचा मसुदा तसाच पडून राहिला. शास्त्रज्ञांचा अहवाल, दोन सरकारांचा आयोग, चांगला कायदा हे सर्व हाताशी होते. नव्हता तो फक्त मागणी करणारा नागरिक.

नदी पेटली तेव्हा

पुढच्या पन्नास वर्षांत काठावर पोलाद, रसायने, कागद आणि मोटारींचे कारखाने वाढले. एरी सरोवर पाचांमध्ये सर्वांत उथळ. त्याची दशा सर्वांत वाईट झाली. उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर काठाला लागत आणि सडत. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरत. एरी सरोवर मेले, असे वर्तमानपत्रे लिहू लागली. २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलँड शहरात, एरी सरोवराला मिळणाऱ्या कायहोगा नदीवर साचलेल्या तेलाने व कचऱ्याने पेट घेतला. या नदीला आग लागण्याची ती पहिली वेळ नव्हती; पूर्वीही ती अनेकदा पेटली होती. फरक इतकाच की या वेळी लोक ऐकून घ्यायला आणि बोलायला तयार होते.

त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातील काही विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र आले व त्यांनी ‘पोल्यूशन प्रोब’ ही संघटना सुरू केली. विद्यार्थी मित्रहो, त्यांनी काय केले ते नीट ऐका. शेवाळ कशाने वाढते? मैल्यातून आणि धुण्याच्या पावडरीतून येणाऱ्या फॉस्फेटने, असे शास्त्रज्ञ सांगत होते. पावडर बनवणाऱ्या कंपन्या ते मान्य करीत नव्हत्या, आणि कोणत्या पावडरीत फॉस्फेट किती आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. या मुलांनी बाजारात मिळणाऱ्या पावडरींतील फॉस्फेटचे प्रमाण शोधून त्याची यादी १९७० साली जाहीर केली. आता ज्या बाईला सरोवर वाचवावेसे वाटत होते, तिला दुकानात गेल्यावर कोणता पुडा उचलायचा हे कळले. त्याच वर्षी कॅनडाच्या सरकारने पावडरीतील फॉस्फेटवर मर्यादा घातली आणि १९७३ साली ती आणखी खाली आणली. अमेरिकेत मात्र हा निर्णय एकेका राज्यावर राहिला. काही राज्यांनी सत्तरच्या दशकात बंदी घातली. एरीच्या काठचे ओहायो राज्य ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळले.

कंपन्यांचा दावा असा होता की शेवाळ कार्बनमुळे वाढते, फॉस्फरसमुळे नव्हे. हा वाद वक्तृत्वाने मिटला नाही, प्रयोगाने मिटला. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्येला, २२६ क्रमांकाच्या लहानशा तलावावर १९७३ साली एक प्रयोग केला. तलाव मध्यभागी चिंचोळा होता. तेथे प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले. दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेले ते छायाचित्र कोणत्याही अडाणी माणसाला समजेल असे होते.

आयोगानेही या काळात अभ्यास केला, जाहीर सुनावण्या घेतल्या आणि फॉस्फरस कमी करण्याची शिफारस केली. अखेर १५ एप्रिल १९७२ रोजी ओटावा येथे कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रूदो आणि अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी महासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेचा करार केला. शहरांनी मैला शुद्ध करणारी केंद्रे बांधली. १९७८ साली करार सुधारला, एरी सरोवरात वर्षाला ११,००० टनांहून अधिक फॉस्फरस जाऊ नये असे लक्ष्य ठरले, आणि ऐंशीच्या दशकात सरोवराची प्रकृती खरोखर सुधारू लागली. मेले म्हणून ज्याची बातमी छापली गेली ते पाणी पुन्हा जिवंत झाले.

एका नदीच्या दोन काठांची समिती

१९८२ साली दोन्ही देशांतील नागरिक, मासेमारी करणारे, कामगार संघटना आणि निसर्गप्रेमी मंडळे यांनी ‘ग्रेट लेक्स युनायटेड’ ही संयुक्त संघटना स्थापन केली. १९८६ साली या संघटनेने सरोवरांच्या काठाकाठाने स्वतःच सुनावण्या भरवल्या. सरकारने बोलावण्याची वाट न पाहता लोकांनीच लोकांची साक्ष नोंदवली. पुढच्या वर्षी करार पुन्हा सुधारला गेला तेव्हा बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळांसोबत नागरी संघटनांचे प्रतिनिधी बसले होते.

१९८७ च्या या सुधारणेने फार उपयोगाची गोष्ट केली. सर्वांत बिघडलेली ठिकाणे निवडून त्यांची यादी केली. पुढे ही संख्या ४३ झाली. प्रत्येक ठिकाणासाठी लोकांशी विचारविनिमय करून सुधारणेचा आराखडा करायचा, असे ठरले. आणि पाणी सुधारले की नाही हे ओळखण्याच्या १४ कसोट्या घालून दिल्या. त्यांपैकी बऱ्याचशा कसोट्या घरातल्या माणसाला कळतील अशा आहेत. येथला मासा खाण्यास योग्य आहे का? पाण्यात पोहता येते का? पाण्याला वास किंवा विचित्र चव येते का? पक्ष्यांची पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात का? अमुक रसायन इतके मिलिग्रॅम, असे म्हटले की सामान्य माणूस गप्प बसतो. मासा खाता येतो का, असे विचारले की कोळ्याची बायकोही साक्ष देऊ शकते.

सेंट क्लेअर नदीचे उदाहरण पाहा. ही नदी ह्युरन सरोवरातून निघून खालच्या सेंट क्लेअर सरोवराला मिळते. अमेरिकेचे पोर्ट ह्युरन आणि कॅनडाचे सार्निया ही शहरे समोरासमोर आहेत. नदीचे पात्र हीच देशांची सीमा. सार्नियाच्या बाजूला रसायनांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. खाली, नदीच्या मुखाशी, वॉलपोल बेटावर आदिवासी वस्ती आहे आणि ती याच नदीचे पाणी पिते. १९८५ साली कारखान्यातून सांडलेल्या रसायनाचा काळा, डांबरासारखा लगदा नदीच्या तळाशी आढळला आणि एकच खळबळ उडाली. १९८८ साली दोन्ही काठांच्या नागरिकांची एक संयुक्त सल्लागार समिती झाली. तिच्यात रहिवासी, मासेमारी करणारे, कामगार, कारखान्यांचे प्रतिनिधी, नगरपालिका व आदिवासी असे सगळे एका टेबलाशी आले.

ही समिती काही क्रांती करू शकली नाही. तिच्या हाती दंड करण्याचा अधिकार नव्हता. तिने केले ते असे: बैठका वेळेवर घेतल्या, अहवाल वाचले, अधिकाऱ्यांना प्रश्न लिहून विचारले, उत्तर आले नाही तर पुन्हा विचारले, आणि रसायन सांडले की खालच्या गावांना ताबडतोब खबर मिळावी याचा आग्रह धरला. काही कसोट्यांवर नदी उतरली. तरीही तीस वर्षांनंतर ती यादीतच होती. उलट ह्युरन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरावरील कॉलिंगवूड बंदर १९९४ साली यादीतून बाहेर आले, तेही सर्वांत पहिले. कोठे सात वर्षे लागतात, कोठे एक पिढी पुरत नाही.

जे साधले नाही ते

येथवर ऐकून कोणाला वाटेल की तिकडे सर्व आलबेल आहे. तसे नाही. आयोगाच्या शिफारशी सरकारांवर बंधनकारक नाहीत. पैसा कमी झाला की समित्या सुकतात. माणसे थकतात, म्हातारी होतात, आणि तरुण यायला तयार नसतात.

२ ऑगस्ट २०१४ रोजी एरी काठच्या टोलेडो शहरात सुमारे चार-पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. शेवाळातून निघणारे विष पाण्यात उतरले होते आणि ते उकळूनही जाणारे नव्हते. पण एरी तर सुधारले होते ना? सुधारले होते, परंतु या वेळचे फॉस्फरस मुख्यतः धुण्याच्या पावडरीचे नव्हते. ते हजारो शेतांतून, रासायनिक खत आणि शेणखत यांच्यासह, पावसाने मॉमी नदीत आणि तेथून सरोवरात आलेले होते. कारखान्याचे एक नळकांडे बोट करून दाखवता येते. हजार शेतांकडे कसे बोट दाखवणार? २०१६ साली दोन्ही देशांनी एरीच्या पश्चिम व मध्य भागात जाणारे फॉस्फरस २००८ च्या मानाने ४० टक्के कमी करण्याचे लक्ष्य ठरवले. पण शेतकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय हे लक्ष्य गाठणे अवघड आहे.

टोलेडोच्या नागरिकांनी २०१९ साली मतदान करून एरी सरोवराला स्वतःचे हक्क देणारा ठराव संमत केला. २०२० साली न्यायालयाने तो रद्द ठरवला. ठरावाची भाषा मोघम होती आणि तो शहराच्या अधिकाराबाहेर गेला होता. लोकांचा संताप खरा होता, परंतु संतापाला कायद्याचा पाया लागतो.

आता आपली कृष्णा

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात राज्याराज्यांतील नद्यांचे तंटे १९५६ च्या कायद्याप्रमाणे लवादापुढे जातात. कृष्णेसाठी पहिला लवाद १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. दुसरा २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली. तेथे वादी राज्य सरकार आणि प्रतिवादीही राज्य सरकार. वाद मुख्यतः किती पाणी कोणाचे याचा. त्या पाण्याची प्रत काय, आणि काठच्या माणसाचे म्हणणे काय, याला तेथे फारसा वाव नसतो.

याचा परिणाम २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसला. सांगली-कोल्हापुरात पुराने हाहाकार झाला. घरोघरी एकच वाक्य ऐकू येत होते: अलमट्टीने पाणी सोडले नाही म्हणून आपण बुडालो. पुढच्या वर्षी नंदकुमार वडनेरे समितीने पुराचा अभ्यास करून अहवाल दिला. या पुराला अलमट्टी कारण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुष्कळांना तो पटला नाही. दुसऱ्या लवादाने २०१० साली अलमट्टीची पाणी साठवण्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आहे. तिला महाराष्ट्रातून विरोध होत आला आहे. मला येथे कोण बरोबर याचा निवाडा करायचा नाही. मला एवढेच विचारायचे आहे की सांगलीचा पूरग्रस्त आणि विजापूरचा दुष्काळी शेतकरी एका छताखाली बसून, शपथेवर, एकमेकांसमोर बोलला आहे अशी सुनावणी आपण कधी पाहिली आहे का? उन्हाळ्यात कर्नाटक महाराष्ट्राकडे पाणी मागते. पावसाळ्यात महाराष्ट्र कर्नाटकाला दरवाजे उघडा म्हणते. दोघेही मंत्र्यांच्या तोंडून बोलतात. काठावरची माणसे मात्र एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि प्रदूषणाचे काय? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती सर्वांना आठवत असेल. पंचगंगेवर पसरणारी जलपर्णी आपण दरवर्षी पाहतो. जलपर्णी हे आपले हिरवे शेवाळच समजा. मैला, कारखान्यांचे पाणी आणि उसाच्या शेतातले खत यांवर ती पोसते. म्हणजे टोलेडोचा प्रश्न आणि शिरोळ तालुक्याचा प्रश्न यांत तत्त्वतः अंतर नाही. अलमट्टीबद्दल बोलताना आपण स्वतःला अन्याय सोसणारे समजतो. पण पंचगंगेच्या बाबतीत वरचे आपण आणि खालचे ते. हमसायाचा हक्क आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. नदीचा हमसाया भिंतीपलीकडे नसतो, वीस-पंचवीस कोसांवर असतो, एवढाच काय तो फरक.

तुमच्या हाती काय आहे?

मग काय करायचे? आपल्याकडे संयुक्त आयोग नाही, हे खरे. परंतु आपले हात अगदीच बांधलेले नाहीत.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे खाते यांच्याकडून कागद मागता येतात. मोठा कारखाना किंवा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे बऱ्याच प्रकल्पांना जाहीर जनसुनावणी घ्यावी लागते; तेथे तोंडी बोलता येते आणि लेखी हरकतही देता येते. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे आणि झळ पोचलेला कोणीही नागरिक तेथे दाद मागू शकतो. म्हणजे १९०९ च्या करारातील ती ‘म्हणणे मांडण्याची संधी’ आपल्याकडेही काही दारांनी उपलब्ध आहे. पण ही दारे कोणासाठी उघडतात? जो अर्ज लिहू शकतो, मुदत पाळतो, आकडे वाचतो, त्याच्यासाठी.

पालकांनो, येथे माझा विषय शिक्षणाशी येऊन मिळतो. आपल्या समाजात मुलगा शिकला म्हणजे नोकरी लागावी, ही अपेक्षा योग्यच आहे. पण ज्या दिवशी गावात जनसुनावणी होते, त्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातून किती माणसे जातात? जी जातात त्यांतली किती जण अहवाल वाचून जातात? पाणी बिघडले की त्याची पहिली झळ नदीकाठच्या, सखल, दाट वस्तीला पोचते. तेथे आपलीही घरे आहेत. ज्याला झळ जास्त त्याचा आवाज तेथे आधी पोचला पाहिजे. आणि घरात पाणी भरणाऱ्या, आजारी मुलाला उशाशी घेऊन बसणाऱ्या मातांना पाण्याची पारख पुरुषांपेक्षा अधिक असते. तेव्हा सुनावणीला घरातील बाईनेही गेले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सुचवतो. ते खर्चाचे नाही. विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली नदीवरची एक जागा ठरवा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तेथे जा. पाण्याचा रंग, वास, तापमान, फेस, जलपर्णी, मेलेले मासे यांची नोंद एका वहीत तारीख घालून करा. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने तपासते. त्यांचे आकडे मिळवा आणि आपल्या नोंदीशेजारी लिहा. बी.ओ.डी. हा शब्द तुम्हाला भेटेल. पाण्यातील घाण कुजवण्यासाठी जंतूंना किती प्राणवायू लागतो, त्याचे ते माप. आंघोळीयोग्य पाण्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमहून कमी असू नये, असे आपल्या देशातले निकष आहेत. हे दोन आकडे ज्याला समजले तो अधिकाऱ्याशी बरोबरीने बोलू शकतो. कॅनडात १९७४ पासून सरोवरावरील गल पक्ष्यांची अंडी दरवर्षी तपासली जात आली आहेत; विषारी रसायने घटली की वाढली हे त्या नोंदींवरून कळते. एका वर्षाच्या वहीला किंमत नसते. दहा वर्षांच्या वहीला न्यायालयातही किंमत येते. म्हणून ही वही पुढच्या वर्गाच्या हाती सोपवूनच शाळा सोडा.

आणि आणखी एक करा. सीमेपलीकडच्या, चिकोडी किंवा अथणी भागातील एखाद्या शाळेला पत्र लिहा. तिकडे मराठी जाणणारे आहेत, उर्दू शाळा आहेत, तुमचे मामा-मावशीही असतील. त्यांनाही अशीच वही ठेवायला सांगा आणि वर्षातून एकदा दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. तुमच्या घाटावर जे आज दिसले ते त्यांच्या घाटावर केव्हा पोचते, हे तुम्हालाच शोधून काढता येईल. दोन राज्यांचे मंत्री एकत्र बसतील तेव्हा बसतील. दोन शाळांना एकत्र बसायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

महासरोवरांच्या काठी १९१८ चा अहवाल चौपन्न वर्षे धूळ खात पडला, कारण तो मागणारे कोणी नव्हते. मग विद्यापीठातील काही मुलांनी धुण्याच्या पावडरीची यादी केली, बायकांनी ती बाजारात नेली, कोळी आणि कामगार सुनावणीत उभे राहिले, आणि दोन सरकारांना सही करावी लागली. आपल्या संस्थेच्या मुलांनी यंदा पहिली वही सुरू करावी, आणि पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून ती वाचून दाखवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.